शेवटच्या फर्म्यातली सुधा

“कुलकर्णी, शेवटचा फर्मा कवा देताय? कुपवाडचा बाइंडर लय बोंबलतोय,” मालक दारातून ओरडले.

फर्मा म्हणजे एका कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं. कादंबरीचे अकरा फर्मे छापून झाले होते. बाराव्याचं प्रूफ माझ्यासमोर होतं आणि मी अडलो होतो.

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका छापखान्यात प्रूफरीडर होतो. ही कादंबरी रहिमतपूरच्या निवृत्त शिक्षिका मालतीबाईंची. पेशवाईतला सातारा, त्यात दोन जादूगार बहिणी. थोरलीनं शिवलेलं कधी फाटत नाही. धाकटीच्या हातची भाकरी खाल्ली की रुसलेला माणूस बोलू लागतो. पुढे थोरली परस्पर धाकटीचं लग्न ठरवते आणि दोघी दुरावतात. धाकटीचं नाव यमू. शेवटच्या प्रकरणात मात्र चार ठिकाणी ‘सुधा’.

हस्तलिखित काढलं. तिथंही सुधाच.

“करा की यमू! त्यात काय विचारायचं?” मालक म्हणाले.

मी मालतीबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “सुधा माझी धाकटी बहीण. साताऱ्यात असते. तिचं लग्न मी तिला न विचारता ठरवलं. तीस वर्षं बोलणं नाही. तुम्ही यमू करून टाका.”

“करतो. पण बाई, या प्रकरणात धाकटी एकदाही बोलत नाही. वाचताना खटकतं.”

“ती काय बोलेल, मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. मग हळूच, “तिला दाखवाल?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साताऱ्याच्या एसटीत होतो. सुधाताईंनी प्रूफ दारातच उभ्यानं वाचायला घेतलं. दुसऱ्या पानाला त्या खुर्चीत बसल्या. वाचून झाल्यावर माझी पेन्सिल मागितली आणि समासात लिहिलं, ‘अक्का, तू चुकली नव्हतीस. पण एकदा विचारायचं होतंस.’

“हे छापाल?”

“मालतीबाईंना विचारावं लागेल.”

त्यांनी पायात चपला सरकवल्या. “चला, मीच विचारते.”

दुपारी आम्ही रहिमतपुरात पोचलो. मालतीबाईंनी दार उघडलं. बहिणीकडे बघितलं आणि पटकन प्रूफच हातात घेतलं. चष्मा लावून ती ओळ वाचली. पेन्सिलीनं ‘चुकली नव्हतीस. पण’ एवढं खोडलं, वर ‘चुकलीस.’ लिहिलं.

“आता बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

“अक्का, आधी आत तरी घे,” सुधाताई म्हणाल्या.

मी परतीची एसटी धरली. मालकांनी भरपूर ऐकवलं, पण यमू करून, त्या ओळीसकट फर्मा छापला. पुढे मालतीबाईंच्या नव्या कादंबरीचं हस्तलिखित आलं. त्यातली निम्मी पानं दुसऱ्याच, समासातल्या त्या ओळीच्या अक्षरात होती आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका फार.

प्रूफरीडरनं लेखकाच्या घरी जाऊ नये, असं आमच्या धंद्यात म्हणतात. बरोबर आहे. काम वाढतं.