तिसऱ्यांदा विचारल्यावर

आयोवातल्या आमच्या काउंटीत माणसांपेक्षा डुकरं जास्त आहेत, आणि माणसांच्या मानाने समित्या फारच जास्त आहेत. मी इथल्या मक्याच्या कारखान्यात मशीनं सांभाळायला आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. पार्सिपनीच्या देशी वस्तीतले मित्र फोनवर विचारतात, "अरे यार, तू तिथे इंडियन ग्रोसरीला कुठे जातोस?" मी सांगतो, दीड तास ड्राइव्ह करतो. मग ते विषय बदलतात. त्यांना हे मात्र मी कधी सांगितलं नाही की, इथल्या एका समितीपुढे मला साक्षीला उभं राहावं लागलं होतं, आणि चौकशी या गोष्टीची होती की मी शेजारच्या बाईंकडे जेवलो की नाही.

ही समिती म्हणजे आद्य कुटुंबांची मंडळी. इथे बैलगाड्यांतून सर्वांत आधी जी घराणी आली, त्यांच्या वंशजांची ही संस्था. 'सर्वांत आधी' हे त्यांचं म्हणणं. त्यांच्याही आधी जे या जमिनीवर राहत होते, त्यांची कुठे पाटी नाही. एकदा मी तसं विचारलं तर मला लिंबाचं सरबत देण्यात आलं. जुन्या एकखोली शाळेत संस्थेचं कार्यालय आहे. तिथल्या भिंतीवर प्रत्येक घराण्याची एक लाकडी पाटी स्क्रूने बसवलेली आहे. ऑगस्टमध्ये शाळेच्या आवारात तंबू ठोकून मोठी सहल होते आणि त्या दिवशी एकेका घराण्याचं नाव पुकारतात. त्या घरातल्या कुणीतरी उठून "हजर" म्हणायचं. नाव तीनदा पुकारतात, कारण पूर्वी लोक घोडे बांधायला गेलेले असायचे. तीनदा पुकारूनही कुणी उठलं नाही तर घराणं संपलं असं धरतात आणि पाटी तिथल्या तिथे उतरवतात. त्यासाठी एक निवृत्त दातांचे डॉक्टर स्क्रूड्रायव्हर घेऊन भिंतीशी उभे असतात. मी हे विनोद म्हणून सांगत नाही. ते खरंच उभे असतात, आणि हातात मोजे घालतात.

आमच्या शेजारच्या आजी त्यांच्या घराण्यातल्या शेवटच्या. लग्न केलं नाही, भाऊ गेले, भाच्या-पुतण्यांचा पत्ता नाही. वय नव्वदीच्या पुढे, कमरेत वाकलेल्या, पण आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. जन्मल्यापासून एकही सहल चुकवली नाही असं त्या सांगायच्या. लहान असताना वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी "हजर" म्हटलं होतं.

आमची ओळख बर्फामुळे झाली. पहिल्या हिवाळ्यात मी माझ्या दारापुढचा बर्फ काढता काढता त्यांच्याही दारापुढचा काढला. फावडं हातात होतंच. आजींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "आत ये, काहीतरी खाऊन जा."

मी म्हणालो, "नको नको, जेवण झालंय."

जेवण झालेलं नव्हतं. पण आमच्या घरात हा नियमच आहे. बाबांनी लहानपणापासून बजावलेलं: कुणाच्याही घरी पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर बसायचं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही बौद्ध, बाबांचा जन्म गावाबाहेरच्या वस्तीतला, पुढे शिकून नागपुरात नोकरीला लागलेले. एवढा शिकलेला माणूस जेवणाच्या बाबतीत इतका हट्टी का, हे कोडं मी लहानपणीच सोडून दिलं होतं. नियम मात्र अंगात मुरला. अमेरिकेत त्याने माझे फार हाल केले. ऑफिसात कुणी केक पुढे केला की मी नको म्हणायचो आणि तो माणूस केक घेऊन निघून जायचा. इथले लोक एकदाच विचारतात, असं मी धरून चाललो होतो.

आजी म्हणाल्या, "नक्की?"

मी म्हणालो, "नक्की."

"अरे, थोडंसं तरी."

मी फावडं भिंतीला टेकवलं आणि आत गेलो. तेव्हा मला कळलं की आयोवातल्या या म्हाताऱ्या माणसांची रीत हुबेहूब बाबांसारखी आहे. इथे एकदा विचारून गप्प बसणं म्हणजे पाहुण्याला हाकलून देणं. मला एवढा आनंद झाला की मी त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं.

वाढून काय घेतलं, ती वेगळीच शोकांतिका. भारतीय माणूस म्हणजे शाकाहारी, हे आजींनी आपल्या आपण ठरवून टाकलं होतं. मी मटणावर वाढलेला माणूस. पण त्यांनी इतक्या कौतुकाने माझ्यापुढे किसलेलं गाजर घातलेली नारिंगी जेली ठेवली, की मी मटणाचं नाव काढलं नाही. ही जेली इथे सॅलड म्हणून खातात. आजी समोर बसून हॅम खायच्या, त्याचा वास माझ्या नाकात, आणि मी थरथरतं गाजर चमच्यात धरायचा प्रयत्न करतोय. त्या हिवाळ्यात बर्फ खूप पडला. आठवड्यातून तीन-चारदा मी त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीजवळच्या खुर्चीवर बसून जेवलो. ती त्यांच्या वडिलांची खुर्ची, हे मला फार नंतर कळलं.

मग गेल्या जूनमध्ये आजी अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवलं आणि सप्टेंबरपर्यंत हलायचं नाही असं सांगितलं. मी भेटायला गेलो तर त्या छताकडे बघत पडल्या होत्या.

"मी मेल्यावर पाटी काढली तर माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "पण मी जिवंत, आणि इथे टीव्हीचा रिमोट हातात धरून पडलेली, आणि तो दातांचा डॉक्टर माझ्या आजोबांची पाटी उतरवणार!" आणि त्या रडल्या. भोंग्यासारख्या आवाजाचं माणूस रडताना मी प्रथमच पाहिलं. मी त्यांची उशी नीट केली.

डोळे पुसून त्यांनी मला नियमावली सांगितली. मूळ संस्थापकांनी एक कलम घातलेलं होतं: घरातला माणूस म्हणजे रक्ताचा, लग्नाने आलेला, किंवा ज्याने त्या घरच्या टेबलावर एक पूर्ण हिवाळा जेवण घेतलं तो. पहिल्या हिवाळ्यांत गडी, वाटसरू, अनाथ पोरं अशी कितीतरी माणसं एकेका खोपटात तगली, त्यांच्यासाठी हे कलम. भिंतीवरची निम्मी घराणी त्या गड्यांपासून निघाली आहेत असं आजींचं म्हणणं, पण ते कुणी बोलत नाही.

"तू माझ्याकडे पूर्ण हिवाळा जेवलास," आजी म्हणाल्या. "तू उठून हजर म्हणायचं."

मी अर्थातच म्हणालो, "मी? छे छे, मी कसा?" त्यांनी आणखी दोनदा विचारलं आणि मी तयार झालो.

पण समितीची मान्यता लागणार होती. अध्यक्षीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. नियमाला इतक्या पक्क्या की स्वतःच्या जावयाचं घराणं कागदपत्रं अपुरी म्हणून त्यांनी दोन वर्षं लटकवलं होतं. चर्चच्या तळघरात सुनावणी झाली. टेबलापलीकडे पाच जण, अलीकडे मी, मध्ये कॉफीचा थर्मास. एकाला शंका होती की हॅम न खाता घेतलेल्या जेवणाला या काउंटीत जेवण म्हणता येईल का. त्यावर अर्धा तास चर्चा झाली.

मग मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा सावरून मला विचारलं, "तुम्ही त्यांच्याकडे हिवाळाभर जेवलात का?"

आणि मी, कारखान्यात तीस माणसांना कामाला लावणारा इंजिनियर, हात हलवत म्हणालो, "छे हो, जेवण कसलं, असंच थोडंसं काहीतरी."

ते तोंडातून आपोआप गेलं. चारचौघांसमोर, मी त्यांच्याकडे महिनोन्महिने जेवलो असं कसं म्हणायचं? खादाडासारखं दिसतं. बाई पुन्हा विचारतील, मग आणखी एकदा विचारतील, आणि मग मी हो म्हणेन, अशी माझी तयारी होती. पण बाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. वर स्पीकरवर फोन लावून आजींना विचारलं, "तुम्ही यांना जेवू घातलंत का?"

फोनमधून आजींचा आवाज आला, "अगं, मी कसलं जेवू घालते? काही विशेष नव्हतं. नुसतं इकडचं तिकडचं."

इतिवृत्तात नोंद झाली: दोन्ही पक्ष जेवणाचा इन्कार करतात. अर्ज नामंजूर.

मी उठून बोलायला लागलो तर बाई म्हणाल्या, इतिवृत्तातली दुरुस्ती पुढच्या बैठकीत करता येईल. पुढची बैठक सप्टेंबरमध्ये. सहल ऑगस्टमध्ये.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तू 'नाही' म्हणालास? रिअली? एवढी जेली खाऊन?" मला स्वतःचा इतका राग आला होता की मी गॅरेजमध्ये जाऊन उगाच गवत कापायचं मशीन खोलून बसलो. दुसऱ्या दिवशी आजींना भेटलो. त्या मला रागवायच्या तयारीत होत्या, आणि मग त्यांना स्वतःचं फोनवरचं उत्तर आठवलं असावं, कारण त्यांनी हातातला रिमोट खाली ठेवला.

"आपण दोघं गाढव आहोत," शेवटी त्या म्हणाल्या.

सहलीच्या दिवशी प्रचंड उकाडा होता. तंबूत आम्ही मागच्या ओळीत बसलो. नावं पुकारली जात होती, लोक उठत होते, "हजर" म्हणून ॲपल पायची बशी सांभाळत खाली बसत होते. शाळेचं दार उघडं होतं आणि आत भिंतीशी डॉक्टर मोजे घालून उभे होते. मग आजींच्या घराण्याचं नाव आलं. कुणी उठलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. लोक खाली बघत होते. आजी कुठे आहेत हे प्रत्येकाला ठाऊक होतं. डॉक्टरांनी स्क्रूड्रायव्हर पुसला. बायकोने माझ्या बरगडीत कोपर मारलं, पण खरं सांगायचं तर त्याची गरज नव्हती.

तिसऱ्या हाकेला मी उठलो आणि म्हणालो, "हजर."

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "माफ करा. इतिवृत्तात स्पष्ट नोंद आहे की तुम्ही जेवला नाहीत."

"मॅडम," मी म्हणालो, "तुम्ही मला एकदाच विचारलंत."

पुढच्या ओळीतला एक म्हातारा शेतकरी टोपी काढून मागे वळला. "एकदाच?" त्याने बाईंना विचारलं. दुसरीकडून एक म्हातारी म्हणाली, "जेवणाबद्दल? एकदाच?" जावयाचं घराणं लटकवताना जिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नव्हती, ती बाई कानापर्यंत लाल झाली. या काउंटीत याहून मोठा आरोप कुणावर करता येत नाही.

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही त्यांच्या टेबलावर जेवलात का?"

"छे छे," मी म्हणालो.

"नक्की? जेवलात का?"

"अगदी थोडंसं."

"जेवलात का?"

"हो," मी म्हणालो. "जेवलो. सगळा हिवाळा. पोटभर." दोनशे अनोळखी लोकांसमोर हे सांगताना मला लाजही वाटली नाही. डॉक्टरांनी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.

संध्याकाळी आजींना जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "जेली खाल्ली हे सांगितलंस ना?" त्या आनंदाच्या भरात मी कबूल केलं की मी हॅम खातो, मटण खातो, सगळं खातो. त्यांनी उशीवरून डोकं उचललं.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. एकदाही."

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे नागपूरला फोन केला आणि बाबांना ही सगळी हकीकत हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत. विचारलं, "ती बाई तुले बसवत कुठं होती?"

"स्वयंपाकघरात, बाबा. टेबलाशी. तिच्या वडिलांच्या खुर्चीवर."

त्यांनी तिकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मी सात-आठ वर्षांचा असीन. मालकाच्या घरी लग्न होतं. आम्हाले गोठ्याजवळ बसवलं होतं, सगळ्यांचं झाल्यावर. वाढणाऱ्याने विचारलं, वाढू का रे? मी लाजून नाही म्हणालो. तो पुढे गेला ना बा. परत आलाच नाही. उपाशीच घरी आलो."

एवढी वर्षं मी त्या नियमाला शिष्टाचार समजत होतो. ती बाबांची परीक्षा होती, वाढणारा परत येतो का याची.

सप्टेंबरच्या शेवटी आजी वॉकर घेऊन घरी आल्या. मी त्यांच्या पायऱ्यांना कठडा बसवायला गेलो. काम संपल्यावर त्यांनी दार उघडलं. आतून हॅमचा वास येत होता.

"आत ये," त्या म्हणाल्या. "काहीतरी खाऊन जा."

मी म्हणालो, "हो, येतो."

त्या गोंधळल्या. वॉकरवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "नक्की?" आणि मी पायातले बूट काढत असताना, "अरे, थोडंसं तरी."