भिंतीवरची प्लास्टरं

“जीव माझा आहे ना? मग मी तो कड्यावर टांगेन, नाहीतर खुंटीला!” बुटाची नाडी आवळत नवरा म्हणाला.

“जीव तुमचाच हो,” ती म्हणाली. “पण तो खाली आणायला दरवेळी दुसऱ्याचे हात लागतात, त्याचं काय?”

आतल्या खोलीत पडलेल्या धाकट्या दिराला सगळं ऐकू जात होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. दारात सासूबाई उभ्या होत्या. लेकाला अडवायला नव्हे, डबा हातात द्यायला.

ती इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत कामाला होती. कितीही हात धुतले तरी नखांत पांढरं उरायचंच. नवऱ्याची गाठ तिथंच पडली. मनगट मोडून आला होता आणि ओलं प्लास्टर सुकेपर्यंत तिला हसवत बसला होता. दोर न बांधता कडे चढायचा, म्हणून दोस्त त्याला कौतुकानं ‘पाल’ म्हणायचे. तेव्हा तिलाही त्याचं कौतुक वाटलं होतं.

लग्नानंतर घरात एक रीतच पडून गेली. प्लास्टर कापलं की त्याचा वरचा भाग, दोस्तांच्या सह्यांसकट, सासूबाई बैठकीच्या भिंतीवर टांगायच्या. मनगट, कोपर, घोटा, पुन्हा मनगट. आल्यागेल्याला दाखवायच्या, जशी काही लेकाची पदकंच.

गेल्या महिन्यात मात्र पाल कड्याच्या मध्यावर अडकली. वर जाता येईना, खाली उतरता येईना. फोन आला तसं सासूबाईंनी धाकट्याला पिटाळलं, “जा, भावाला घेऊन ये.” धाकटा चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा, स्टुलावर चढला तरी त्याला घेरी यायची. तरी गेला बिचारा. मागच्या वाटेनं माथ्यावर पोचला, झाडाला दोर बांधून खाली सोडला आणि मागे वळताना त्याचाच पाय घसरला. नवरा त्या दोरावरून सुखरूप उतरला. पेपरात त्याचा फोटोही छापून आला. धाकट्याला प्लास्टर तिनंच घातलं, छातीपासून दोन्ही घोट्यांपर्यंत. “वहिनी, यावर सह्या नकोत,” एवढंच तो म्हणाला.

आणि आज रविवार उजाडला तसा नवरा पुन्हा निघाला होता.

“घरात बसून कुजेल तो,” सासूबाई म्हणाल्या. “धमक लागते असल्या गोष्टींना.”

“पालीला कसली धमक, आई? शेपूट टाकते आणि पळते. ते बघा, तुमच्या पालीचं शेपूट आत पडलंय.”

“तोंड सांभाळ!” नवरा उसळला. “त्याला मी बोलावलं होतं का?”

“नाही दादा,” आतून आवाज आला. “तू कधीच कुणाला बोलावत नाहीस.” मग ओशाळ्या आवाजात, “वहिनी, भांडं द्याल?”

सासूबाईंनी सवयीनं तिच्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पिशवी खांद्याला लावली. ती आत गेली नाही. तिनं दाराशी येऊन पायांत चपला सरकवल्या.

“मी कामावर निघाले. रविवारची आणि रोजची संध्याकाळची, म्हणजे तुम्ही घरी असता तेव्हाची पाळी मी मागून घेतलीय. आईंना वाकवत नाही. भाऊजी उठून बसेपर्यंत त्यांचं भांडं, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं तुम्ही करायचं. आजपासून.”