चष्म्याच्या दुकानातले प्रगतिपुस्तक

आमच्या रस्त्याच्या वळणावर चष्म्याचे दुकान आहे. अरुंद पण लांब, त्यामुळे खुर्चीपासून शेवटच्या भिंतीपर्यंत बरोबर सहा मीटर भरतात. तिथे डोळे तपासायचा नेहमीचा तक्ता टांगलेला आहे, पण चष्मेवाल्यांचा त्यावर फारसा भरवसा नाही. "जुन्या गिऱ्हाइकांना तो तोंडपाठ असतो, मास्तर. डोळा वाचत नाही, जीभ वाचते."

म्हणून त्याच्या शेजारी ते दरवर्षी स्वतःच्या हाताने दुसरा तक्ता लावतात. गावच्या फुटबॉल क्लबाचा हंगाम संपला, की पुढचा सुरू होईपर्यंत क्लब कोणाला घेतो, कोणाला सोडतो, प्रशिक्षक ठेवतो की बदलतो, अशा एकेका निर्णयाला ते दहापैकी गुण देतात. वर वीतभर अक्षरांत मुख्य प्रशिक्षक, मग आघाडीचे खेळाडू, मग मधले, मग बचावाचे. खाली जाता जाता अक्षर बारीक होते. शेवटची ओळ म्हणजे मुंग्याच.

एका वर्षी बेकरीवाल्याने हे गुण आधीच कोणाकडून तरी ऐकले होते. त्याने खुर्चीत बसून सगळा तक्ता घडाघडा म्हटला आणि सहा महिने चुकीच्या नंबरचा चष्मा लावून फिरला. तेव्हापासून तक्ता लागेपर्यंत चष्मेवाले गुणांबद्दल एक अक्षर बोलत नाहीत.

शेवटच्या ओळीत असायचा राखीव गोलरक्षक, म्हणजे त्यांचा मुलगा. शाळेत तो माझ्याच हाताखाली शिकला. कपाटावरचे नकाशे काढायला सगळे त्यालाच हाक मारायचे, त्यामुळे त्याचे नाव पडले शिडी. नऊ वर्षे तो क्लबात होता आणि नऊ वर्षे त्याच्या ओळीत एकच वाक्य होते: 'घरचा माणूस, गुण नाहीत.' या निःपक्षपातीपणाचे लोकांना मोठे कौतुक. मीही ते तोंड भरून केले आहे.

यंदा क्लबाने शिडीचा करार वाढवला नाही.

त्याचा फोन आला तेव्हा चष्मेवाले एका बाईंच्या बुबुळांमधले अंतर मोजत होते. त्यांनी ऐकून घेतले, फोन खिशात ठेवला आणि अंतर लिहिले: एकसष्ट.

"नंतर पुन्हा मोजून पाहिलं," ते मला म्हणाले. "एकसष्टच होतं."

"आणि तुम्हाला?"

"मला काय? जेवलो, झोपलो. ही रडली, तिला पाणी दिलं. बधिर केलेल्या दाताला जीभ लावून पाहतो ना आपण, तसं रोज सकाळी लावून पाहतो. काही कळत नाही."

शिडी क्लबाच्या वसतिगृहातून घरी परत आला. वय तेहतीस, गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झालेल्या. तीन आठवडे तो दुकानावरच्या खोलीत पाय लांब करून बसून होता. खाली उतरला नाही.

बेकरीवाला मात्र रोज दारात. "काय हो, यंदा शेवटच्या ओळीला काय? क्लबाला भोपळा ना?"

"तक्ता लागला की वाचा."

"वाचता येईल असा चष्मा द्या आधी!"

गंमत चालली होती, पण गाठ कुठे आहे ते सगळ्यांना दिसत होते. भोपळा दिला, तर इतक्या वर्षांच्या तक्त्याला उद्यापासून कोणी विचारणार नाही. चांगले गुण दिले, तर वर खोलीत मुलगा बसला आहे.

मंगळवारी मी नवा नंबर काढायला गेलो, तर तक्ता लागलेला. चष्मेवाल्यांनी तपासणीची जड फ्रेम माझ्या नाकावर बसवली. "वरून वाचा."

मी वर्गात वाचतो तसे वाचले. 'मुख्य प्रशिक्षक नवा. बचाव बसवेल, गोल कोण करणार ते विचारू नये. सहा.' 'आघाडीला दोघे घेतले, त्यांना चेंडू पुरवणारा विकला. तीन.' 'कर्णधाराला आणखी एक वर्ष. पाय थकले, आवाज थकलेला नाही. सात.'

त्यांनी काच बदलली. मुंग्यांची अक्षरे झाली.

'राखीव गोलरक्षकाला सोडले. गुडघा गेला. निर्णय बरोबर. आठ.'

"सर, आवाज अजून तसाच आहे तुमचा," जिन्याकडून कोणीतरी म्हणाले.

मी वळलो. त्या काचांतून लांबचे दिसत होते, जवळचे सगळे धुके. धुक्यात, अगदी हाताच्या अंतरावर, एक उंच आकृती कठडा धरून उभी होती.

"आठ, बाबा?"

"आठ."

"मी नऊ दिले असते. जिना उतरायला आत्ता पाच मिनिटं लागली." त्याने कठडा सोडला. "पण हे झाले क्लबाचे. माझे किती?"

चष्मेवाल्यांनी पेटीतून एक काच काढली.

"नऊ वर्षं ती ओळ वाचली. बाकीच्यांना बरंवाईट काहीतरी मिळायचं. मला वाटायचं, बाबा माझे सामने बघतच नाहीत."

चष्मेवाले ती काच पुसत होते. ती आधीच स्वच्छ होती. मग नंबर वाचून दाखवावा तशा आवाजात त्यांनी सुरुवात केली.

"पहिला सामना, दुसऱ्या वर्षी. दोन गोल खाल्लेस. पहिला तुझा नव्हता, बचाववाला वळलाच नाही. दुसऱ्याला तू एक पाऊल उशिरा निघालास."

शिडी बाकावर बसला. बाक करकरला.

"दुसरा सामना. एकही नाही. पण फटकेच आले नव्हते, तेव्हा फुशारकी नको."

नऊ वर्षांत अकरा सामने. कागद न पाहता त्यांनी एकेक सांगितला. चौथ्याला बेकरीवाला दारात आला, थोडा वेळ ऐकत राहिला आणि निघून गेला.

"अकरावा. शेवटच्या मिनिटाला, लांबून. हातातून सुटला."

"तो माझा होता."

"हो. तो तुझा होता."

कोणाचाही आवाज चढला नाही की भरून आला नाही. चष्मेवाल्यांनी पुसलेली काच माझ्या फ्रेममध्ये सरकवली. "हं मास्तर, शेवटची ओळ. आता जास्त स्पष्ट, की मघाशी?"

तीच ओळ, तेच आठ. "सारखंच," मी म्हणालो.

त्यांनी नंबर लिहून घेतला. मग माझ्याजवळचे स्टूल ओढून बाकासमोर ठेवले आणि शिडीला म्हणाले, "पाय वर घे."