आठ घोडे, सात किलोवॅट

शनिवार, सकाळी साडेदहा. गोकुळ रोडवरच्या माझ्या चटणीच्या कारखान्यात हजर: मी, कामाला असलेली शांताक्का आणि मोटारी दुरुस्त करणारे अण्णा.

दहा वर्षांत मी त्यांना नाव विचारलेलं नाही. कागदावर त्यांचा विश्वास नसतो. मोटारीवरची पाटी बाहीने पुसून मोठ्याने वाचतात, मगच बोलतात. आज बेअरिंग बदलताना त्यांनी विचारलं, "मळमड्डीतल्या त्या लग्नाची चाळीस किलो चटणी का नाकारलीत, अक्का?"

मी भिंतीवरची मोटारींच्या ताकदीची यादी दाखवली. कांडप मशीन पाच, चक्की तीन, एकूण आठ. मंजूर वीज सात. म्हणून दोन्ही एकदम चालवायची नाहीत.

अण्णांनी दोन्ही पाट्या पुसून वाचल्या. "अक्का, हे आकडे हॉर्सपॉवरचे, विजेचा किलोवॅटचा. किलोवॅटच्या दावणीला घोडे बांधलेत होय?"

शांताक्का फस्सकन हसली.

त्यांनी खडूने भिंतीवरच हिशेब मांडला. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, आठ म्हणजे ५९६८. हजार वॅटचा एक किलोवॅट, म्हणजे सहासुद्धा भरत नाहीत! आणि तीन वर्षं मी एक मशीन बंद करून दुसरं लावत होते.

"दाबा दोन्ही बटणं."

मी दोन्ही बटणांवर बोटं ठेवली. अण्णा दोन मोटारींवर दोन तळहात ठेवून, डोळे मिटून उभे राहिले. दोन्ही मशीनं एकदम गरजली. दिवा लुकलुकलासुद्धा नाही! शांताक्काने टाळ्या वाजवल्या.

"हौदल्ला, अक्का?" अण्णा डोळे न उघडताच कानडीत म्हणाले, म्हणजे ‘खरं ना?’ खरंच की!

मिरच्या निवडायला घेतल्या आहेत. ज्यांना काल ठाम नाही म्हटलं, त्या वधूच्या आईला फोन करायचा तेवढा राहिला आहे.