भंडारा उचलल्यावर

साखरा गावच्या चंद्रभागाबाईचा माणसांवर फारसा भरवसा नव्हता, बँकेवर मात्र होता. गावातली सहकारी बँकेची शाखा म्हणजे एक खोली आणि एक मॅनेजर. पण बोकड विकला की ही विधवा बाई पैसे कमरेला खोचून तिथं ताठ मानेनं जायची, अंगठा उठवायची, लागतील तेव्हा काढायची. मुलगा, सून, दीर, कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. उभ्या जन्मात तेवढं एकच दार तिचं स्वतःचं होतं.

तेच दार बंद करायला बँकेचे चेअरमन निघाले. नफा वाढवायचा तर असल्या लहान शाखा परवडत नाहीत म्हणे. त्यातच संचालकांची निवडणूक लागली. साखऱ्याकडच्या जागेसाठी चेअरमनचा माणूस भीमराज उभा राहिला, त्याच्याविरुद्ध शाखा राखायचा शब्द देऊन व्यापारी शंकरसिंग, आणि तिसरा गावचाच शिवहार. शाखेसाठी चेअरमनच्या दारात उपाशी बसलेला तो एकटाच. चंद्रभागाबाईचं मत ठरलेलं होतं.

पण दीर लिंबाजीचं डोकं फार चालायचं. एवढं डोकं मेंढरांत घातलं असतं तर कळप वाढला असता. बिरोबाच्या देवळात त्यानं सगळ्यांना बसवलं.

"शिवहार चांगलं पोरगं हाय, पर निवडून येत न्हाई. त्याला मत म्हंजे पाण्यात. मतं फुटली की भीमराज आला. आपुन समदे शंकरसिंगला देऊ."

सगळ्यांना पटलं. कुणी फुटू नये म्हणून देवापुढची हळद मुठीत घेऊन एकेकानं भंडारा उचलला, म्हणजे शपथच. चंद्रभागाबाईचा हात कचरला, पण तिनंही उचलला.

मतदानाच्या आदल्या दिवशी बातमी आली की शंकरसिंग चेअरमनला जाऊन मिळाला. चंद्रभागाबाई तशीच लिंबाजीकडे धावली.

"भाऊजी, आता काहून द्यायचं त्याला? शिवहारला देऊ."

लिंबाजीचा चेहरा उतरला. "भंडारा उचललाय, वैनी. मोडला तर मेंढरात रोग शिरल. तुमी घेता का जिम्मा?"

तिनं घेतला नाही. कुणीच घेतला नाही. शब्द विकणारा खुशाल फिरत होता आणि देवाची भीती मात्र यांनाच! चीड येते, पण सांगायचं कुणाला?

शंकरसिंग निवडून आला. शिवहारला घरच्यांची मतं पडली. देवळात बसलेल्यांनी मनातलं मत दिलं असतं तर तोच आला असता, हे मोजणीनंतर सगळ्यांना कळलं. पहिल्याच बैठकीत शाखा बंद झाली. पुढं नफा वाढला, सभेत टाळ्या वाजल्या.

आता खातं तालुक्याला, सेनगावच्या शाखेत. मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून ती एकदा गेली, तर झिजलेला अंगठा यंत्र घेईना. "मावशी, पोराला घेऊन या, कार्ड करून घ्या," काउंटरवरची मुलगी म्हणाली. कार्ड आलं आणि मुलाच्या, शिवप्रसादच्या, पाकिटात गेलं.

लेक सुकन्या बाळंत झाली. नातीला अंगडं-टोपडं घ्यायचं होतं. चंद्रभागाबाई दोनदा मुलाच्या दारापर्यंत जाऊन माघारी आली. शेवटी म्हणाली, "थोडे पैशे काढून आनतो का रे, माझ्यातले?"

शिवप्रसादनं मोबाइलवरची नजर काढली नाही. "काहून पायजेत?"

सांगण्यासारखं कारण होतं. तरी तिची जीभ उचलेना.

"असू दे," म्हणत ती मेंढरांकडे निघून गेली.