दम्याचा संशयित

पूर्णेत आमच्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थांना दमा आहे. तो कशानं उठतो, हे त्यांनी स्वतःच शोधायचं ठरवलं. रोज एका संशयिताजवळ तासभर बसून ते श्वास मोजायचे. गोधडी झाली, उदबत्ती झाली, मग पेडगावहून मेव्हण्याला बोलावलं.

“हलू नका, तपासणी चालू हाय,” त्यांनी बजावलं. मेव्हणा घामाघूम होऊन बसला. यांची छाती मात्र साफ! गृहस्थ लय नाराज झाले.

शेवटी त्यांनी घरचं मांजर मांडीवर घेतलं आणि छातीत शिट्टी वाजायला लागली.

“देऊन टाका की कुणाला,” मी म्हणालो.

“त्याचा काय गुन्हा हाय?”

त्याच दिवशी त्यांनी स्वतःची खाट ओसरीवर काढली. आता दुपारी मांजर आत पंख्याखाली लोळतं आणि हे बाहेर दम्याचा पंप ओढत मला दटावतात, “हळू बोला, झोपलंय ते.”