उपाशीपोटीचा नियम

दवाखान्याची तारीख असली की आनंदराव रामटेके पहाटे पाचला उठत, आणि रक्त देऊन होईपर्यंत पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसत. चूळ भरतानासुद्धा ते मान खाली घालून भरत, चुकून घोट उतरायला नको म्हणून. हा नियम त्यांच्या पत्नीने, इंदूबाईंनी, अकरा वर्षांपूर्वी घालून दिला होता. इंदूबाईंना जाऊन आता दोन वर्षे झाली होती. नंदनवनातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात त्यांच्या पश्चात पुष्कळ काही बदलले. चहात साखर किती, खिडकी कधी लावायची, पेपर बंद करायचा की चालू ठेवायचा, या गोष्टी आनंदरावांनी स्वतःच्या मनाने ठरवल्या होत्या. दवाखान्याच्या सकाळला मात्र त्यांनी हात लावला नव्हता. तेवढी एक सकाळ अजून इंदूबाईंची होती.

त्यांचे उभे आयुष्य लकडगंजात गेले. तिथल्या एका आरागिरणीत त्यांनी अडतीस वर्षे काम केले, आणि त्यांतली शेवटची वीस वर्षे तर केवळ कानाच्या बळावर. आल्लापल्लीच्या जंगलातून सागाचे ओंडके येऊन पडत. आनंदराव कुऱ्हाडीचा माथा ओंडक्यावर आपटत, कान लावत, आणि आतून लाकूड भरीव आहे की पोकळ ते सांगत. मग खडूची रेघ ओढत आणि पुढच्याकडे वळत. गिरणीचा मालक इतर कुणाच्या शब्दावर आरा चालवू देत नसे. 'रामटेकेने ऐकलं काय?' एवढेच विचारी. उन्हाळ्याच्या दुपारी भुशाच्या ढिगावर सावलीत बसून डबा खायचा, ओल्या सागाचा कडवट-गोड वास शर्टात भरून घरी न्यायचा आणि दारातच इंदूबाईंनी 'आधी झटका ते, मग आत या' म्हणून अडवायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. आता एखाद्या नव्या फर्निचरच्या दुकानावरून जाताना तो वास आला, तर त्यांची पावले नकळत मंदावत.

ओंडक्याच्या पोटातली पोकळी ऐकणाऱ्या या माणसाला स्वतःच्या शरीराने दिलेला आवाज मात्र ऐकू आला नाही. एका दुपारी गिरणीत नाकातून रक्त आले. उन्हाने आले असेल, असे सगळे म्हणाले. पुढे बुद्धजयंतीला विहारात तपासणी शिबिर लागले, तेव्हा रक्तदाब दोनशेच्या घरात निघाला. गोळ्या मिळाल्या. डोके दुखले की गोळी घ्यायची, नाही दुखले तर डबीतच ठेवायची, अशी त्यांची दोन वर्षे गेली. पायांवर सूज आली तेव्हा कळले की तेवढ्या काळात दाबाने किडन्या कुरतडल्या आहेत.

तिथून पुढे सूत्रे इंदूबाईंच्या हाती गेली. घरी बसून विड्या वळणारी ही बाई चौथीपर्यंत शिकलेली होती. पण सरकारी दवाखान्यातली किडनीची ओपीडी कोणत्या वारी असते, चिठ्ठी कोणत्या खिडकीवर निघते, रक्त कुठे द्यायचे आणि रिपोर्ट कुठून घ्यायचा, हे सारे तिने दोन फेऱ्यांत पाठ केले. जेवणातले मीठ तिने एका दिवसात निम्म्यावर आणले. घरातले लोणचे शेजारी कौशल्याबाईंकडे पोहोचते केले. पापड तळला की वास येतो म्हणून तीही पापड खाईनाशी झाली.

नियम जन्मला तो पहिल्याच रक्ततपासणीला. उपाशी यायला सांगितले होते. रांग लांब होती, आनंदरावांना दम निघाला नाही, आणि 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून ते बाहेर जाऊन तर्री पोहे खाऊन आले. रक्त घेणाऱ्याने त्यांच्या तोंडाचा वास घेतला आणि चारचौघांत विचारले, "काका, तर्री झणझणीत होती काय?" रांग हसली. तपासणी झाली नाही, कामाचा दिवस बुडाला, आणि इंदूबाई घरापर्यंत दोन पावले पुढेच राहिल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "आजपासून उपाशी म्हणजे उपाशी. चहा नाही, पाणी नाही, गोळी नाही. रक्त दिलं की मग काय खायचं ते खा. लोकायसमोर मान खाली घालाले लावली तुमी मले."

दर पौर्णिमेला पांढरे पातळ नेसून विहारात अष्टशील घेणाऱ्या, दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत अन्नाला न शिवणाऱ्या बाईने घातलेला नियम होता तो. त्यात फट कुठून असणार?

गेल्या दोन वर्षांत आनंदराव एकटेच रांगेत उभे राहू लागले. दर खेपेला टेबलावर दाब मोजला जाई, आकडा मोठा निघे, आणि डॉक्टर चिंतेने एखादी गोळी वाढवत. दोनाच्या चार झाल्या. घरी एरवीच्या दिवशी अकरा वाजले की त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येई आणि भिंत धरून खाली बसावे लागे. हे त्यांनी कुणाला सांगितले नाही. जुलैत डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला होता. "क्रिएटिनिन तीन पूर्णांक आठ आहे, सव्वाच्या आत हवं. दाब ऐकत नाही. पुढच्या वेळी हेच चित्र राहिलं तर डावा हात तयार करून ठेवावा लागेल," असे ते म्हणाले होते. हात तयार करणे म्हणजे मनगटापाशी दोन रक्तवाहिन्या जोडणे, पुढे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून. गिरणीतला त्यांचा एक सोबती आठवड्यातून तीनदा मशीनवर जात असे. चार तास झोपून राही आणि उरलेला दिवस त्यातून सावरण्यात घालवी. आनंदरावांना मरणाची एवढी धास्ती नव्हती. आयुष्याची अडतीस वर्षे एका यंत्राच्या भोंग्यावर उठून-बसून काढल्यावर म्हातारपण दुसऱ्या यंत्राला बांधून द्यायचे, हे त्यांना सोसवत नव्हते.

ऑक्टोबरच्या तारखेला त्यांची मुलगी रोशनी सोबत आली. ती सक्करदऱ्याला राहत होती. भिंत धरून बसलेले वडील तिने एकदा पाहिले होते. दाब मोजण्याच्या टेबलावर या खेपेला नवी सिस्टर होती, वंदना नावाची. तिने पट्टा आवळला, कानाला नळ्या लावल्या आणि भुवया उंचावल्या.

"एकशे शहाऐंशी, एकशे चार. काका, सकाळची गोळी घेतली काय?"

"रोज घेतो."

"रोजचं नाही विचारून राहिली मी. आजचं विचारून राहिली."

"आज कशी घेईन? आज उपाशी यायचं राहते ना."

वंदनाने पेन खाली ठेवले. "किती दिवसांपासून असं करून राहिले तुम्ही?"

"अकरा वर्षं."

"अरे बाप्पा! अकरा वर्षांपासून तुम्ही आम्हाले बिनागोळीचं प्रेशर दाखवून राहिले, अन् डॉक्टर गोळ्यावर गोळ्या चढवून राहिले!"

मागच्या बाकावरचा एक म्हातारा खो खो हसला. "काकानं पुऱ्या दवाखान्यालेच उपाशी ठेवलं की गा!"

"कोणी सांगितलं तुम्हाले, गोळी घ्यायची नाही म्हणून?" वंदनाने विचारले.

रोशनीने वडिलांकडे पाहिले. तिला उत्तर ठाऊक होते. आनंदराव पट्टा सोडवत म्हणाले, "कोणी नाही. मीच ठरवलं."

आत डॉक्टरांनी हे ऐकले तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी जुने कागद मागेपर्यंत उलटले आणि विचारले, "घरी चक्कर येते का?" रोशनीने सांगितले. "मग असं होतंय," डॉक्टर म्हणाले, "इथे येता तेव्हा दाब चढलेला, आणि घरी चार गोळ्या पोटात असताना तो फार खाली. दोन्ही गोष्टी किडनीला वाईट. दाब फार पडला की तिला पुरेसं रक्तच पोचत नाही. बारा दिवस घरी मोजा, सकाळी गोळीच्या आधी आणि दुपारी. लिहून आणा. हाताचं आपण थांबवू, पण एक महिनाच. पुढच्या तपासणीला गोळी दोन घोट पाण्यासोबत घेऊनच यायचं. तुम्हाला साखर नाही. साखरेची गोळी असती तर गोष्ट वेगळी होती."

रोशनीने मोजायचे यंत्र आणून दिले. दुपारचे आकडे शंभराच्या आतबाहेर निघाले. एका दुपारी तर शहाण्णव, अठ्ठावन्न. बारा दिवसांनी ते पाहून डॉक्टरांनी दोन गोळ्या काढून टाकल्या. भिंत धरणे थांबले. आनंदराव संध्याकाळी विहारापर्यंत चालत जाऊ लागले. पण महिना सरत आला तसे ते तपासणीचा विषय टाळू लागले.

नोव्हेंबरच्या तपासणीच्या आदल्या दिवशी रोशनी मुक्कामाला आली. सकाळी तिने बशीत दोन गोळ्या ठेवल्या, शेजारी अर्धा पेला पाणी. आनंदराव कपडे करून खुर्चीत बसले होते. त्यांनी बशीकडे पाहिले आणि तोंड फिरवले.

"बाबा, घ्या ना. रांग लागते."

"रक्त देऊन आल्यावर घेतो."

"पुन्हा तेच? डॉक्टरनं काय सांगितलं? यावेळी प्रेशर वाढलेलं निघालं तर हात कापतील, समजून राहिले का तुम्ही?"

"तुझी माय नऊ वर्षं मले घेऊन गेली ना? उन्हातान्हात उभी राहिली ना? तिले काही समजत नव्हतं काय?"

"मी असं म्हणून राहिली का?"

"मग काय म्हणून राहिली? गोळी घेतली म्हणजे तेच झालं."

वडिलांनी सिस्टरसमोर दोष स्वतःवर का घेतला, हे रोशनीला आता पुरते कळले. तिने पेला उचलून पुन्हा बशीशेजारी ठेवला. भिंतीला भिंत लागून असल्यामुळे पलीकडे सगळे ऐकू जात होते. कौशल्याबाई पदराला हात पुसत दारात आल्या. इंदूबाई आणि त्या, दोघींनी मिळून तीस वर्षे पौर्णिमा पाळली होती.

"काहून वं रोशनी, सकाळी सकाळी बापाशी भांडून राहिली?"

रोशनीने सांगितले. कौशल्याबाई आत येऊन पलंगाच्या काठावर बसल्या.

"आनंदभाऊ, एक विचारू? इंदूले गुडघ्याची गोळी होती, ध्यानात आहे?"

"आहे की. रात्रीची."

"पुनवेच्या उपासाले, उपोसथाच्या दिवशी ते घेत होती का नाही?"

"नसंल घेत. बारानंतर तोंडात काही घालत नव्हती ते."

"घेत होती! माझ्यासमोर घेत होती, दर पुनवेले, विहारातच. पहिल्यांदा भीत होती. मंग भन्तेजीले विचारलं तिनं. भन्तेजी म्हणाले, औषधानं शील मोडत नाही, भगवंतानं भिक्खूंलेही औषध चालवलं होतं. तवापासून घेत होती."

आनंदराव खुर्चीत पुढे सरकले. "मंग मले काहून बंद केली?"

"तुमच्यावर भरोसा नव्हता तिचा, अजून काय! गोळीसाठी पाणी दिलं तर तुमी पाण्यासोबत चहा मागान, चहासोबत बिस्कुट. मले म्हणे, या माणसाले फट ठेवली की बैल शिरते."

रोशनीला हसू आवरेना. आनंदरावही हसले, पण मधेच थांबले. इंदूबाईंचा स्वर त्यात इतका स्पष्ट होता की क्षणभर त्या पलीकडच्या खोलीत असाव्यात असे वाटले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी इंदूबाईंना कधी 'तुझं चुकलं' म्हटले नव्हते. तशी वेळ फारशी आली नव्हती, आणि आली तेव्हा धीर झाला नव्हता. आता ते म्हणण्यासाठी माणूस समोर नव्हता, म्हणून तर ते अधिकच अवघड झाले होते. जी आपली बाजू मांडू शकत नाही तिला दोष द्यायचा कसा?

"स्वतः घेत होती अन् मले उपाशी ठेवलं," ते हळूच म्हणाले. मग किंचित मोठ्याने, "चुकलंच मंग तिचं."

"चुकलं," कौशल्याबाई म्हणाल्या. "म्हणा ना मोकळेपणानं. जित्तेपणी म्हटलं असतं तर तुमाले जेवाले नसतं मिळालं, आता काय भेव?"

आनंदरावांनी दोन्ही गोळ्या जिभेवर ठेवल्या आणि दोन घोट पाणी घेतले. तिसरा घेतला नाही.

त्या दिवशी टेबलावर दाब एकशे अडतीस, चौऱ्याऐंशी निघाला. रिपोर्ट दोन दिवसांनी आला. क्रिएटिनिन तीन पूर्णांक एक. डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवले. "गेलेली किडनी परत येत नाही, हे लक्षात ठेवा. पण हाताची घाई आता नाही. असंच सांभाळलं तर बरीच वर्षं निघू शकतात. तीन महिन्यांनी या."

बाहेर वंदना चिठ्ठ्या लावत होती. आनंदराव तिच्या टेबलापाशी थांबले. "सिस्टर, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. नियम माझ्या बायकोचा होता. ती वारली, म्हणून तिचं नाव घेतलं नाही."

वंदना हात थांबवून त्यांच्याकडे पाहू लागली. "काका, इथं प्रेशरचे निम्मे पेशंट दोनदा येतात अन् गायब होतात. मंग डायरेक्ट मशीनवरच दिसतात. तुम्ही अकरा वर्षांत एक तारीख चुकवली नाही. ते कोणी शिकवलं?"

तेवढ्यात पुढचा नंबर पुकारला गेला आणि त्यांना बाजूला व्हावे लागले.

फाटकापाशी रोशनी रिक्षा थांबवून उभी होती. "काय बोलत होते इतका वेळ?"

"खरं सांगून टाकलं. म्हटलं, चूक तुझ्या मायची होती."

"अन् मग?"

आनंदराव रिक्षात चढून बसले, सरकले, तिला जागा करून दिली.

"मग काही नाही," ते म्हणाले. "म्हटलं तरी काहीच झालं नाही. तुझी माय होती तशीच आहे."